स्वतःशी प्रामाणिक म्हणजे कुणाशी?

‘मी स्वतःशी प्रामाणिक आहे’ हे वाक्य अलीकडे मराठीत फार स्वस्त झाले आहे. पक्ष बदललेला आमदार पत्रकार परिषदेत ते म्हणतो, मालिका अर्ध्यावर सोडलेला नट मुलाखतीत म्हणतो, आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तर ते सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घेतले जाते. ऐकणाऱ्याने मान डोलवायची असते. दुसऱ्याशी अप्रामाणिक वागलेल्या माणसाला पकडता येते. त्याने कुणाला, कधी, काय शब्द दिला होता हे काढून दाखवता येते. स्वतःशी प्रामाणिक असल्याचा दावा मात्र तो करणाऱ्याखेरीज कुणालाच तपासता येत नाही. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, आणि निकालपत्रही त्याच्याच खिशात.

याच्या जोडीला आणखी एक विधान ऐकू येते, बहुधा कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत: ‘इंटिग्रिटी’ या कल्पनेला भारतीय भाषांमध्ये शब्दच नाही. हे विधान करणाऱ्याने आपल्या आजीशी फारसे बोलणे केलेले नसावे. पण मला त्याचे अज्ञान खटकत नाही, त्यामागची मोजपट्टी खटकते. ‘इंटिग्रिटी’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘इंटिजर’ आहे: ज्याला हात लागलेला नाही, जो अखंड आहे तो. गणितातला पूर्णांक हाच. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्राच्या एकतेबरोबर ‘एकात्मता’ आली, तीही इंग्रजी मसुद्यात हाच शब्द आहे. राष्ट्र तुटू नये ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण माणूस न तुटलेला, एकसंध असला की तो नीतिमान झाला, ही समजूत त्या शब्दाबरोबर चोरपावलांनी आपल्याकडे आली आणि आता तिला आपण आपलीच म्हणू लागलो आहोत. ‘स्वतःशी प्रामाणिक’ हे तिचेच मराठी रूप. तेव्हा शब्द आहे की नाही हा वाद सोडून, जो शब्द आपल्याकडे आहे तो काय म्हणतो हे पाहणे बरे.

इतर शब्दांना इथे थोडक्यात रजा देतो. ‘चारित्र्य’ हा शब्द वर्तमानपत्रांनी संपवला. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ या दोन शब्दांनंतर कुणाची हत्या झाली असेल हे वाचकाला आधीच कळते, आणि ती व्यक्ती कधीही पुरुष नसते. ‘सचोटी’ चांगला शब्द आहे, पण तो व्यवहारापुरता, गल्ल्याजवळ बसलेला. ‘निष्ठा’ २०२२ पासून महाराष्ट्राच्या राजकारणात इतकी घासली गेली की तिच्यावरचे छापच पुसले गेले: निष्ठावंत, निष्ठा यात्रा, आणि निष्ठेची प्रतिज्ञापत्रेसुद्धा गठ्ठ्यांनी गोळा झाली. (पाणिनीने भूतकाळवाचक कृदंतांच्या दोन प्रत्ययांना ‘निष्ठा’ अशी संज्ञा दिली आहे, म्हणजे जे पूर्ण होऊन संपले ते. व्याकरणकारांना भविष्य दिसते की काय कोण जाणे.) उरले ‘इमान’. ते अरबीतून आले म्हणून त्याला हाकलू पाहणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. हाकलायचेच तर निवडणुकीत जप्त होणारी ‘अनामत’ही हाकलावी लागेल, कारण ती मूळची ‘अमानत’, इमानाचीच सख्खी बहीण. पण इमान हे नेहमी कुणाशी तरी असते. मालकाशी, धन्याशी, मिठाशी. म्हणून कुत्रा इमानी असतो. शालेय निबंधात एखादा मुलगा त्याला प्रामाणिक म्हणतोही, पण त्यालाही तिथे इमानीच म्हणायचे असते, कारण चोराचा कुत्राही चोराशी तितकाच इमानी असतो आणि त्याबद्दल आपण कुत्र्याला दोष देत नाही.

‘प्रामाणिक’ हा शब्द या सगळ्यांहून वेगळ्या घरातला आहे. तो नीतिशास्त्रातून आलेला नाही, ज्ञानशास्त्रातून आलेला आहे. आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे. त्यातूनच मान, परिमाण, अनुमान, उपमान, आणि त्यातूनच प्रमाण: ज्याने ज्ञान मोजून खरे ठरते ते साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही न्यायदर्शनाची चार प्रमाणे. संस्कृतात ‘प्रामाणिक’ म्हणजे प्रमाणाला धरून असलेले, आधार असलेले. विधान, ग्रंथ, मत प्रामाणिक असायचे. हिंदीत आजही तसेच आहे. ‘प्रामाणिक इतिहास’ म्हणजे तिथे अस्सल, साधार इतिहास; भल्या माणसाला हिंदी ‘ईमानदार’ म्हणते. बंगालीत तर प्रामाणिक हे आडनाव आहे. मराठी, गुजराती आणि कन्नड या शेजारी भाषांनी मात्र हा शब्द विधानावरून उचलून माणसावर ठेवला. असे का घडले हे शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही. व्यापारी पेठांशी आणि हिशेबाच्या वह्यांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण मोह म्हणजे पुरावा नव्हे. घडले हे खरे. ज्या गुणाने विधान विश्वसनीय ठरते, तोच गुण आपण माणसात पाहू लागलो.

हे स्थलांतर वाटते तितके आकस्मिक नाही. चार प्रमाणांपैकी ‘शब्द’ हे प्रमाण मुळातच एका माणसावर उभे आहे. न्यायसूत्रकार गौतमाच्या मते शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण, याचे उत्तर भाष्यकार वात्स्यायन देतो: ज्याला वस्तू प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशीच ती दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची ज्याला इच्छा आहे, असा सांगणारा. पुढे तो जे जोडतो त्याकडे आपले संस्कृतीरक्षक पाहत नाहीत. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे तो म्हणतो. म्हणजे जात, कूळ, तपश्चर्या, पावित्र्य, यांतले काहीही अट म्हणून नाही. पाहिलेस का, आणि पाहिलेस तसे सांगतोस का, एवढेच. बौद्ध परंपरेत दिङ्नाग ‘प्रमाणसमुच्चया’च्या आरंभी बुद्धाला वंदन करताना त्याला प्रमाणभूत म्हणतो, माणूसच प्रमाण होऊ शकतो, या कल्पनेचा हा केवढा मोठा उच्चार आहे. यातल्या कुठेही एकसंधपणाची अट नाही. आप्ताचे मन आणि त्याचे आचरण यांचे ऐक्य असावे, असे वात्स्यायन म्हणत नाही. त्याच्या नजरेत सांगणारा आहे, ऐकणारा आहे, आणि दोघांच्या मध्ये एक वस्तू आहे, जी दोघांपैकी कुणाच्याही मालकीची नाही.

ती मधली वस्तू ‘स्वतःशी प्रामाणिक’ या प्रयोगात नाहीशी होते.

आता एकसंधपणाच्या बाजूने जे सांगितले जाते त्याकडे वळतो, कारण ते सहज झटकून टाकण्याजोगे नाही. विचार, उच्चार आणि आचार एक असावेत; त्रिकरणशुद्धी असावी; बोलण्याप्रमाणे चालणाऱ्याची पावले वंदावीत, ही तुकोबांची शिकवण शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. मग मी कोण तिच्याविरुद्ध बोलणारा? पण त्या शिकवणीतही ‘प्रमाणे’चा अर्थ दडलेला आहे हे कुणी पाहत नाही. आपले ‘-प्रमाणे’ हे शब्दयोगी अव्यय याच प्रमाणातून आले. ठरल्याप्रमाणे, सांगितल्याप्रमाणे, बोलल्याप्रमाणे: या प्रत्येकात आधी काहीतरी ठरलेले, सांगितलेले, चारचौघांत उच्चारलेले असते, आणि मागाहून कृती त्याला लावून पाहिली जाते. बोलणे हे इथे माप आहे आणि चालणे हा माल. दोन्ही एक आहेत असे ती शिकवण म्हणत नाही. एकाने दुसरे मोजा, असे म्हणते.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर बाजाराकडे पाहू. ‘मापात पाप’ हा आपला जुना शब्दप्रयोग. दुकानदाराची वजने वैधमापनशास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. दुकानदार सज्जन असला तरी. त्याने ‘माझे वजन माझ्या तराजूत बरोबर भरते’ असे सांगितले तर निरीक्षक हसेल, कारण खोट्या तराजूत खोटे वजन नेहमीच बरोबर भरते. स्वतःशी प्रामाणिक असलेला माणूस तेच सांगत असतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

एकसंधपणावर माझा खरा आक्षेप त्याहून जुना आहे, आणि तो मला महाराष्ट्राच्याच एकोणिसाव्या शतकाने शिकवला. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि आपले धोरण उघड जाहीर केले: जे इष्ट वाटते ते बोलू आणि जे साध्य होईल ते करू. हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातला धक्का जाणवत नाही. एक संपादक पहिल्याच झटक्यात सांगतो आहे की माझे बोलणे आणि माझे करणे यांत अंतर राहणार आहे. त्रिकरणशुद्धीच्या मापाने हा कबुलीजबाब झाला. तरीही मराठी विचारविश्वात प्रामाणिकपणाचे उदाहरण द्यायचे झाले की पहिले नाव आगरकरांचेच येते, आणि त्यांचे विरोधकही त्यांना अप्रामाणिक म्हणायला धजत नसत. का? कारण त्यांनी अंतर लपवले नाही. दोन्ही टोके लोकांच्या हाती दिली. इष्ट काय ते छापून ठेवले, साध्य काय झाले ते दिसत होते. कुणीही येऊन मधले अंतर मोजावे.

रानड्यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवले की मला जे म्हणायचे आहे ते अधिक स्पष्ट होते, पण ते ठेवताना हात जड होतो, कारण त्या माणसाची उंची आगरकरांहून तसूभरही कमी नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता हा गृहस्थ १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे वाकला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य (जातिबहिष्काराचे प्रकरण) झाले, आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. दोन्ही वेळा त्यांच्यावर पडलेला ताण खरा होता; घरातल्या, मित्रमंडळींच्या, वडिलांच्या मनाचा विचार करणे हाही त्यांच्या नीतीचाच भाग होता. त्याच पत्नीच्या, रमाबाईंच्या, आठवणी वाचणाऱ्याला त्यांच्याविषयी अढी धरणे जमत नाही. रानडे ढोंगी होते असे म्हणणारा मला उथळ वाटतो. पण त्यांनी आपले अंतर आधी जाहीर केले नव्हते. ते प्रसंगाने उघडे पडले, आणि उघडे पडलेल्या अंतराला मागून दिलेले कारण कितीही खरे असले तरी ते कारणच राहते. आगरकरांचे अंतर त्यांच्या पत्राच्या धोरणातच होते. फरक अंतराच्या लांबीचा नाही. कदाचित रानड्यांचे अंतर कमीच भरेल.

गांधीजींनी १९३३ मध्ये ‘हरिजन’मध्ये याच प्रश्नाला त्यांच्या पद्धतीने हात घातला. माझ्या दोन विधानांत विसंगती दिसली आणि वाचकाचा माझ्या शहाणपणावर अजून विश्वास असेल, तर एकाच विषयावरच्या दोहोंपैकी नंतरचे विधान घ्यावे, असे त्यांनी लिहिले. सुसंगत राहण्याची फिकीर आपल्याला नाही, हेही त्याच ओघात. एकसंधपणाच्या भक्तांना हे पळवाटेसारखे वाटते. मला त्यात उलटे दिसते. बदलणाऱ्या माणसाने स्वतःला वाचायचा नियमच वाचकाला देऊन टाकला, म्हणजे आता त्याला सोयीचे जुने विधान पुढे करून सुटता येणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरोखर अडवतो. प्रमाण या शब्दाला अधिकाराचाही वास आहे. ग्रंथप्रामाण्य, वेदप्रामाण्य, व्यक्तिप्रामाण्य: लोकहितवादींपासून फुले-आगरकरांपर्यंत साऱ्यांची लढाई या प्रामाण्यांशीच तर होती. मग माणसाची नीती बाहेरच्या मापावर टांगायची म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी आज्ञेखाली घालायची का? ‘स्वतःशी प्रामाणिक’ म्हणणाऱ्यांच्या मनात हीच धास्ती असेल तर मी तिचा आदर करतो. पण सुधारकांनी काय केले ते पाहावे. त्यांनी प्रमाणाची गरजच नाकारली नाही. ग्रंथाच्या जागी त्यांनी बुद्धिप्रामाण्य आणले, आणि बुद्धी ही वेदासारखी कुणा एकाच्या ताब्यातली नव्हती. विरोधकालाही तिचा उपयोग करून त्यांना खोडता येत होते. माप बाहेरचे असणे आणि माप दुसऱ्याच्या मुठीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवतो. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, ते खोटे ठरले तरच बाहेरच्या कारणाने ठरते, हे मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचा खरेपणाही बाहेरूनच ठरतो. त्या ज्ञानावर विसंबून पाऊल टाकले आणि ते फळाला आले की मगच ते प्रमाण. पाणी दिसले म्हणून गेलो आणि तहान भागली, तर ते पाणी होते. हा वाद ज्ञानाबद्दलचा आहे, माणसाबद्दलचा नाही, आणि तो जसाच्या तसा नीतीवर लादणे शास्त्रशुद्ध होणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लादतो. कारण ज्ञानाच्या बाबतीत मीमांसकांशी वाद घालणे अवघड आहे. प्रत्येक वेळी तपासत बसलो तर पाऊलच उचलणार नाही. माणसाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण नैयायिक आहे. स्वतःप्रामाण्य हे वेदाला शोभले असेल, कारण मीमांसकांच्या मते वेदाला कर्ताच नाही, आणि कर्ता नसल्यामुळे कर्त्याचा दोषही नाही. आमदाराची गोष्ट तशी नसते.

आता राहिला निर्लज्ज माणूस. तोच माझ्या म्हणण्यातला सर्वांत कठीण खडा आहे. अंतर उघड सांगणे हाच जर प्रामाणिकपणा, तर ‘होय, मी खातो, पण काम करतो’ असे छातीठोक सांगणाऱ्याचे काय? अशा माणसाविषयी आपल्या गावागावांत एक छुपे कौतुक असते. ‘निदान ढोंगी तरी नाही’ असे म्हणत त्याला मते पडतात, त्याच्या वाढदिवसाचे फलक चौकात लागतात. माझ्या कसोटीने त्याला प्रामाणिक म्हणावे लागेल का?

नाही, आणि का नाही हे पाहिले की एकसंधपणाचेही पितळ उघडे पडते. खाणारा आणि सांगणारा हा माणूस काही अंतर जाहीर करत नाही, कारण त्याच्याकडे अंतरच उरलेले नाही. खाऊ नये असे तो मनात मानत नाही, बोलण्यात मानत नाही, वागण्यात तर नाहीच. विचार, उच्चार, आचार, तिन्ही एका रेषेत. त्रिकरणशुद्धीची व्याख्या अक्षरशः लावली तर त्याच्याइतका एकसंध माणूस तालुक्यात सापडायचा नाही. त्याने एवढेच केले की बोलणे वागण्याच्या पातळीवर उतरवून घेतले. मालात खोट निघते म्हणून मापच कापून मालाएवढे केले. ‘स्वतःशी प्रामाणिक’ राहण्याचा हा सर्वांत सोपा रस्ता आहे आणि त्यावर आज गर्दी आहे. ढोंग्याकडे निदान माप तरी शाबूत असते. तो ते दुसऱ्यांपुढे मिरवतो, आणि म्हणूनच एक दिवस त्याच मापाने त्याला पकडता येते.

आगरकरांनाही हे जमले असते. इष्टाविषयीचे बोलणे साध्याच्या बेताने खाली आणायचे, लोकांना पचेल तेवढेच छापायचे, आणि मग बोलल्याप्रमाणे तंतोतंत वागून दाखवायचे. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली, तीही मग कुणी काढली नसती.